‘सर्वानुमते मान्य’ : नवे अभ्यासक्रम आणि अभ्यासमंडळाची जबाबदारी

विद्यापीठीय मंडळांच्या कोणत्याही सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय ठरलेला असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. इतिवृत्त सहसा वाचले जात नाही, पण ते कायम मात्र होते. त्यातील जे वाक्य सर्वाधिक वेळा आढळते ते असे : ‘सदर अभ्यासक्रमास सर्वानुमते मान्यता देण्यात आली.’ प्रस्तुत टिपण या एका वाक्याविषयी आहे. मराठीचे अध्यापन करणाऱ्या आपण सर्वांनी या वाक्याखाली कधी ना कधी सही केलेली आहे, म्हणून ते इतरांच्या दोषांचे टिपण नाही.

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या मराठी अभ्यासमंडळाच्या सभेस प्रस्तुत लेखक सदस्य म्हणून उपस्थित होता. सहा नव्या अभ्यासपत्रिका मान्यतेसाठी आल्या होत्या. त्यांपैकी दोन ऐनवेळच्या विषयांत होत्या, म्हणजे त्यांचे आराखडे सभेतच हाती पडले. पटकथालेखन, माध्यमांसाठी लेखन, अनुवादकौशल्ये अशी त्यांची नावे होती. सभा तासाभरात आटोपली. चर्चा झाली ती घटकांच्या क्रमाविषयी, अंतर्गत गुणांच्या विभागणीविषयी आणि एका संदर्भग्रंथाच्या प्रकाशनवर्षाविषयी. तालुक्याच्या महाविद्यालयातून आलेल्या एका सहकाऱ्याने तेवढ्यात विचारले, ‘हे शिकवणार कोण?’ अध्यक्षांनी सौजन्याने उत्तर दिले की, तो प्रश्न या मंडळाच्या कक्षेतील नाही. प्रश्न विचारणारे गृहस्थ गप्प बसले, आणि आम्हीही. इतिवृत्तात प्रश्नाची नोंद नाही. तेथे सहाही अभ्यासपत्रिका सर्वानुमते मान्य झालेल्या आहेत.

तो प्रश्न मंडळाच्या कक्षेतीलच होता, असे आज मला वाटते. असे का वाटते ते सांगण्यासाठी अभ्यासक्रम मान्य होण्याची वाट थोडी उलगडून पाहावी लागेल.

आपल्या राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांत नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा अभ्यासमंडळात तयार होतो, तेथून तो विद्याशाखेकडे जातो आणि शेवटी विद्यापरिषदेपुढे येतो. विद्यापरिषदेच्या मान्यतेनंतर तो विद्यापीठाचा अभ्यासक्रम होतो. ही झाली आशयाची वाट. परंतु तो अभ्यासक्रम एखाद्या संलग्न महाविद्यालयात सुरू व्हायचा असेल तर दुसरी वाट सुरू होते. विद्यापीठाचा बृहत आराखडा, संस्थेचा प्रस्ताव, विद्यापीठाची शिफारस, शासनाचे इरादापत्र आणि अंतिम परवानगी असे तिचे टप्पे आहेत, आणि बहुतेक वेळा ही परवानगी विनाअनुदान तत्त्वावर मिळते. पहिल्या वाटेवर काय शिकवायचे ते ठरते. दुसऱ्या वाटेवर कोठे आणि कोणाच्या पैशाने शिकवायचे ते ठरते. कोणी शिकवायचे हा प्रश्न या दोन वाटांच्या मधल्या बांधावर उभा राहतो. अभ्यासमंडळ म्हणते, हे प्रशासनाचे काम. प्रशासन म्हणते, अभ्यासक्रम तज्ज्ञांनी मान्य केलेला आहे. शेवटी तो प्रश्न जूनमध्ये तासिका तत्त्वावर नेमलेल्या एखाद्या तरुण अध्यापकाच्या पदरात पडतो. त्याला पटकथा कशी दिसते हे ठाऊक नसते, ग्रंथालयात त्या विषयाचे पुस्तक नसते, आणि पुढच्या वर्षी आपण या महाविद्यालयात असू की नाही याची त्याला खात्री नसते.

अशा वेळी अध्यापकांच्या हाती असलेल्या मंडळांना काही अर्थ उरला आहे काय, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो अनाठायी म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर शोधताना मराठी या विषयाचा स्वतःचा विद्यापीठातील प्रवेश आठवावा. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. आरंभीच्या काही वर्षांत देशी भाषांना विद्यापीठाच्या परीक्षांत जागा होती. १८६० नंतरच्या दशकात वरच्या परीक्षांतील ती जागा गेली आणि अभिजात भाषांचे वर्चस्व प्रस्थापित झाले. देशी भाषांत उच्च शिक्षणास पुरेल असे वाङ्मय नाही, हा त्यामागील मुख्य युक्तिवाद होता. हा निर्णय विद्यापीठाबाहेरच्या कोणी लादला नव्हता; विद्यापीठाच्या रीतसर मंडळांतच तो घेतला गेला. तेव्हा विद्वानांच्या सभा नेहमी शहाणेच निर्णय घेतात, असा दावा निदान मराठीच्या अध्यापकाने तरी करू नये.

परंतु या कथेला दुसरी बाजू आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी देशी भाषांना विद्यापीठात पुन्हा स्थान मिळावे म्हणून जो प्रयत्न केला, तो त्याच विद्यापीठाच्या मंडळांत बसून केला. १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयी त्यांनी इंग्रजीत टिपण लिहिले, त्यात प्रकाशित मराठी ग्रंथांचा विषयवार आढावा घेतला आहे. ‘वाङ्मय नाही’ या आक्षेपाला त्यांनी भावनेने उत्तर दिले नाही. ग्रंथांची गणती पुढे मांडली. १९०१ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या प्रयत्नांचे फळ म्हणून एम. ए. च्या परीक्षेत मराठीचा शिरकाव त्याच सुमारास झाला. आज आपण ज्या विभागांत बसून अभ्यासपत्रिका मान्य करतो, त्यांचे मूळ या घटनेत आहे.

या इतिहासातून मला एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. मराठीला वगळण्याचा निर्णय चुकीचा होता, पण त्यामागे सांगता येण्याजोगे कारण होते. कारण सांगितलेले असले की ते खोडता येते. रानड्यांना ग्रंथगणती पुढे ठेवता आली, कारण समोर खोडण्याजोगा युक्तिवाद होता. अध्यापकांच्या मंडळांचे मोल ती अचूक निर्णय घेतात यात नाही. त्यांचे निर्णय सकारण असू शकतात, आणि म्हणून पुढच्या पिढीला ते बदलता येतात, यात ते आहे. ज्या निर्णयामागे नोंदलेले कारण नाही तो निर्णय बरोबर असला तरी त्याचे रक्षण करता येत नाही, आणि चूक असला तरी त्याला उत्तर देता येत नाही.

गेल्या दोन दशकांतील काही प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी मागे घेण्यात आली. एका विद्यार्थी संघटनेने तिला विरोध केला होता, आणि कुलगुरूंनी १९९४ च्या विद्यापीठ अधिनियमातील आपत्कालीन अधिकार वापरून ती काढली. २०११ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमातून ए. के. रामानुजन यांचा रामकथांच्या विविधतेवरील निबंध वगळण्याचा ठराव विद्यापरिषदेने केला. त्या निबंधाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या चार तज्ज्ञांपैकी तिघांचे मत त्याला अनुकूल होते. तेथे काही सदस्यांनी आपला विरोध नोंदविला. त्याच विद्यापीठात २०१३ मध्ये चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम घाईने सुरू झाला, २०१४ मध्ये तो गुंडाळला गेला, आणि २०२२ मध्ये नव्या धोरणानुसार चार वर्षांची पदवी पुन्हा आली. मधल्या काळात ज्या विद्यार्थ्यांनी त्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला होता त्यांच्या वर्षांचे काय, हा प्रश्न कोणत्याही ठरावात मावणारा नाही.

या प्रसंगांची चर्चा आपल्याकडे सामान्यतः बाह्य हस्तक्षेपाच्या अंगाने होते, आणि ती तशी व्हायलाही हवी. परंतु त्यातील एक कडू धडा आपण टाळतो. बाहेरून कोणी ‘हे पुस्तक का लावले?’ असे विचारले, तर त्याला दाखविण्यासाठी आपल्या इतिवृत्तात काय असते? ‘सर्वानुमते मान्यता देण्यात आली’ एवढेच. पुस्तक लावताना आपण कारण लिहिलेले नसते, म्हणून ते काढताना दुसऱ्यालाही कारण लिहावेसे वाटत नाही. दिल्लीच्या प्रसंगात तज्ज्ञांची मते लेखी होती आणि विरोधही नोंदलेला होता, म्हणूनच तो ठराव आजही तपासता येतो. आपल्या बहुतेक निर्णयांबाबत पुढच्या अभ्यासकाला तपासायला काहीच सापडणार नाही.

आता वर्तमानाकडे वळू. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम २०१६ हा मार्च २०१७ पासून अमलात आला. १९९४ च्या अधिनियमानुसार अधिष्ठाता निवडून येत असे. नव्या अधिनियमाने ते पूर्णवेळ, निवडसमितीमार्फत नेमले जाणारे पद केले. विद्याशाखा चार झाल्या, आणि साहित्य, इतिहास, अर्थशास्त्र असे अनेक विषय मानव्यविद्यांच्या एका मोठ्या छत्राखाली आले. अभ्यासमंडळात नामनिर्देशित सदस्यांचे वजन वाढले. या बदलांचे समर्थन करणारे म्हणतात की जुन्या निवडणुकांत विद्वत्तेपेक्षा गटबाजीला भाव होता. हे म्हणणे खोटे नाही. ज्यांनी त्या निवडणुका जवळून पाहिल्या आहेत त्यांना पॅनेल, जेवणावळी आणि मतदारयाद्या यांची आठवण करून देण्याची गरज नाही. परंतु निवडून आलेला सदस्य निदान आपल्या मतदारांना उत्तर देणे लागत असे. नेमलेल्या सदस्याने उत्तर कोणाला द्यायचे, याची स्पष्टता नसेल तर तो नेमणाऱ्याच्या कलाने वागेल, हे सांगायला कोणत्याही सिद्धांताची आवश्यकता नाही.

त्यानंतर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आले. महाराष्ट्रात पदव्युत्तर स्तरावर २०२३–२४ पासून त्याची चौकट लागू झाली. एम. ए. च्या पहिल्या वर्षी संशोधनपद्धतीला ४ श्रेयांक, कार्यप्रशिक्षण अथवा क्षेत्रीय प्रकल्पाला ४ श्रेयांक, दुसऱ्या वर्षी संशोधनप्रकल्प, अशी ती चौकट आहे. पदवी स्तरावर मुख्य विषय, उपविषय, खुला वैकल्पिक विषय, कौशल्यविषय, भारतीय ज्ञानप्रणाली असे कप्पे आखून आले. चौकट वरून येते आणि अभ्यासमंडळाने कप्पे भरायचे असतात. कप्पे भरण्याची मुदतही सहसा काही आठवड्यांची असते. ‘आमच्या हाती राहिले काय?’ हा आपल्या सहकाऱ्यांच्या तोंडचा उद्गार त्यामुळे समजण्याजोगा आहे.

तरीही तो पूर्ण खरा नाही. कार्यप्रशिक्षणाचेच उदाहरण घेऊ. ४ श्रेयांक म्हणजे सुमारे १२० तासांचे काम. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला वृत्तपत्र, प्रकाशनसंस्था, अनुवादाची कचेरी असे काही तरी सापडते. चाळीसगावच्या किंवा गडहिंग्लजच्या विद्यार्थ्याने कोठे जायचे? बऱ्याच ठिकाणी याचे उत्तर एक प्रमाणपत्र मिळविणे एवढेच झाले आहे. ते देणारा आणि घेणारा दोघेही त्याची किंमत जाणतात. परंतु १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमान्वये मान्यता मिळालेली ग्रंथालये तालुक्या-तालुक्यांत आहेत. त्यांपैकी अनेकांकडे जुनी नियतकालिके आहेत आणि त्यांच्या सूची नाहीत. दोन विद्यार्थ्यांनी १२० तासांत एका नियतकालिकाच्या दहा वर्षांच्या अंकांची लेखकसूची केली, तर ते खरे काम होईल आणि पुढच्या संशोधकाला उपयोगी पडेल. शेती, विणकाम, मासेमारी अशा व्यवसायांतील बोलीशब्दांचा संग्रह करता येईल. हे ठरविण्यास कोणत्याही परिपत्रकाने मनाई केलेली नाही. ते अभ्यासमंडळानेच ठरवायचे आहे, आणि आपण ते ठरवीत नाही. रिकामा कप्पा पाहून कुरकुरतो आणि मग मिळेल त्या शीर्षकाने तो भरतो.

आपण असे का करतो? याचे उत्तर आपल्याच घरात आहे. नवी अभ्यासपत्रिका मांडली जाते तेव्हा पहिला विचार कार्यभाराचा असतो. कोणाचे तास कमी होतील, कोणाचे पद धोक्यात येईल, हे सभेत कोणी बोलत नाही, पण सर्वांना ठाऊक असते. पदे रिक्त राहण्याच्या काळात हा विचार अप्रामाणिक म्हणता येणार नाही. तो पोटाचा प्रश्न आहे. दुसरा विचार पाठ्यपुस्तकाचा असतो. नेमलेल्या कवितासंग्रहाच्या हजारो प्रती खपतात, आणि अभ्यासक्रम लागू झाल्याबरोबर पंधरा दिवसांत बाजारात येणारी मार्गदर्शिका अनेकदा कोणा परिचिताचीच असते. तिसरी गोष्ट म्हणजे भिडस्तपणा. विभागप्रमुखांनी मांडलेल्या आराखड्याला विरोध करणे आपल्याला असभ्य वाटते. समीक्षेच्या वर्गात मतभेदाचे महत्त्व सांगणारा अध्यापक सभागृहात माना डोलावणारा सदस्य होतो.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. काहींच्या मते अध्यापकांच्या मंडळांची ही चाल फार मंद आहे. काळ बदलला, विद्यार्थी मराठीकडे यायचे थांबले, तेव्हा नेमक्या तज्ज्ञांकडून त्वरेने नवे अभ्यासक्रम करून घेणे हाच मार्ग उरतो. मराठी विभागांतील रिकामी बाके मीही पाहतो. परंतु दलित साहित्य, ग्रामीण साहित्य, स्त्रीवादी समीक्षा आणि लोकसाहित्य यांना आपल्या अभ्यासक्रमांत जागा मिळाली ती कशी, हे आठवावे. ही जागा त्वरेने मिळाली नाही. आधी लेखन झाले, मग नियतकालिकांत वाद झाले, चर्चासत्रे झाली, काही अध्यापकांनी विरोध पत्करून त्यांची बाजू मांडली, आणि नंतर अभ्यासपत्रिका आली. म्हणून ती शिकविण्यास माणसे तयार होती, वाचण्यास पुस्तके होती आणि विचारण्यास प्रश्न होते. येथे वाद आधी झाला आणि मान्यता नंतर आली. आज मान्यता आधी येते आणि वाद येतच नाही. मंदपणा हा दोष असेलही. तथापि ज्या घाईत शिकविणारा आणि शिकणारा दोघेही वगळले जातात, ती घाई त्याचे औषध नव्हे.

केवळ दोषदर्शन करून थांबणे योग्य नव्हे, म्हणून चार साध्या सूचना मांडतो. त्यांपैकी एकीसाठीही कायदा बदलण्याची गरज नाही.

पहिली, प्रत्येक नव्या अभ्यासपत्रिकेसोबत एक पृष्ठाचे कारणपत्र असावे. ही अभ्यासपत्रिका का हवी, तिच्यासाठी जुने काय वगळले जात आहे, आणि नेमलेली पुस्तके कोणत्या कारणासाठी निवडली, एवढे त्यात लिहावे. मसुदा सभेच्या किमान महिनाभर आधी संलग्न महाविद्यालयांच्या विभागांना पाठवावा. अभ्यासक्रम हा ऐनवेळचा विषय असू नये.

दुसरी, ‘हे शिकवणार कोण?’ या प्रश्नाचे उत्तर आराखड्याचाच भाग असावे. अध्यापकांच्या प्रशिक्षणाची तरतूद नसेल, किमान पाच संदर्भग्रंथ तालुक्याच्या ग्रंथालयाला परवडतील अशा किमतीत उपलब्ध नसतील, तर मंडळाने ती अभ्यासपत्रिका एक वर्ष पुढे ढकलावी. पद भरणे मंडळाच्या हाती नाही हे खरे. परंतु पद नसताना अभ्यासपत्रिका मान्य करणे मात्र मंडळाच्याच हाती असते.

तिसरी, भिन्न मत लेखी नोंदवावे आणि ते इतिवृत्ताचा भाग व्हावे. एकाने विरोध केला म्हणून मंडळाची प्रतिष्ठा कमी होत नाही.

चौथी, तीन तुकड्या बाहेर पडल्यावर प्रत्येक नव्या अभ्यासपत्रिकेचा आढावा घ्यावा. त्या आढाव्यास ती प्रत्यक्ष शिकविणाऱ्यांना बोलवावे, विशेषतः तासिका तत्त्वावरील अध्यापकांना. आजच्या अभ्यासक्रमांचा बराच भार त्यांच्या खांद्यावर आहे, आणि मंडळावर त्यांच्यापैकी क्वचितच कोणी असतो. निरुपयोगी ठरलेली अभ्यासपत्रिका बंद करण्याचा ठराव हाही मान्यतेच्या ठरावाइतकाच अभिमानाने घ्यावा.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे. येत्या काही वर्षांत प्राचीन मराठी, हस्तलिखितशास्त्र, शिलालेखवाचन, कोशविज्ञान अशा नावांचे अनेक अभ्यासक्रम आपल्या अभ्यासमंडळांपुढे येतील, आणि ते यावेत. पण मोडी वाचू शकणारे अध्यापक किती विभागांत आहेत, हे आपण एकमेकांना विचारून पाहावे. हस्तलिखितशास्त्राची अभ्यासपत्रिका एका दुपारी मान्य होऊ शकते. पोथी लावता येणारा अध्यापक तयार व्हायला वर्षे लागतात. शंभर वर्षांपूर्वी मराठीत वाङ्मय आहे हे सिद्ध करण्यासाठी ग्रंथ मोजावे लागले. आता आपल्याला आपली माणसे मोजावी लागणार आहेत.

त्या दिवशी प्रश्न विचारून गप्प बसलेले सहकारी पुढे निवृत्त झाले. त्यांच्या महाविद्यालयात त्या सहांपैकी दोन अभ्यासपत्रिका कागदोपत्री अजून चालू आहेत. त्यांचा प्रश्न मी तेव्हा उचलून धरला असता, तर निर्णय बदलला असता असे नाही. पण इतिवृत्तात एक ओळ अधिक असती, आणि पुढच्या सभेत ती कोणीतरी वाचली असती.